शिंगे लांब, स्वभाव गरीब



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या धर्मग्रामातील एका वाडीवर नऊ वर्षांच्या एका मुलाला घरच्याच बैलाचे शिंग लागले. दोन बरगड्या मोडल्या. देवदयेने जीव वाचला. त्याच आठवड्यात घरच्यांनी तो बैल बाजारात नेला आणि पडेल त्या किमतीला विकून टाकला. जोडी फुटली. ऐन पेरणीत त्या घराला दुसऱ्याचे औत मोकळे होण्याची वाट पाहात बसावे लागले. वाडीने एकमुखाने निकाल दिला : बैल मारका होता.

मी मुलाला पाहावयास गेलो. मोठी माणसे बोलून झाल्यावर मी त्यालाच विचारले, "बाळा, झालं काय ते तूच सांग बघू." तो म्हणाला, पाऊस लागला होता म्हणून डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेतली होती, बैल गव्हाणीत तोंड घालून वैरण खात होता, आपण मागून, त्याच्या पुठ्ठ्याच्या बाजूने आत शिरलो, बैलाने एकदम मान फिरविली. "मग पुढं काय केलं त्यानं?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "काही नाही. तिथंच उभा राहिला." हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना.

पुढे काही महिन्यांनी त्याच वाडीवरचा एक तरुण, जो नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो, त्याने घरी मोबाईलवर काही चित्रे पाठविली. तो सुटीच्या दिवशी एका रँचवर गेला होता. रँच म्हणजे तारेचे कुंपण घातलेले, शेकडो एकरांचे गुरांचे रान. तेथे 'लाँगहॉर्न' जातीचा एक बैल उभा होता. त्याची शिंगे दोन्ही बाजूंना अशी पसरलेली, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर उंच माणसाच्या उंचीहून जास्त भरावे. आणि त्या तरुणाची लहान मुलगी तारेतून हात घालून त्याला खाऊ घालीत होती. जखमी झालेल्या मुलाच्या आजोबांनी मिस्सेनंतर मला ते चित्र दाखविले आणि म्हणाले, "फादर, तिकडं एवढाल्या शिंगांचं जनावर पोरीच्या हातनं खातंय, आणि आमचा हातभर शिंगांचा बैल घरच्या पोराला उचलून टाकतोय. हे कसं काय म्हणायचं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर त्या जातीविषयी मिळेल ते वाचले, आणि वाचून जे मत बनले ते आज या पानावर मांडीत आहे. माझे मत थोडक्यात असे : जनावराचा स्वभाव शिंगात नसतो. तो थोडा रक्तात असतो, आणि पुष्कळसा माणसाच्या हातात असतो. लाँगहॉर्नची सारी कहाणी याचाच पुरावा आहे.

ही गुरे मूळची अमेरिकेची नव्हेत. कोलंबसने १४९३ सालच्या आपल्या दुसऱ्या सफरीत स्पेनकडची गुरे कॅरिबियन बेटांवर उतरविली. तेथून ती मेक्सिकोत गेली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश मिशनऱ्यांच्या तांड्यांबरोबर टेक्सासात पोचली. फ्रान्सिस्कन संघाच्या मिशन-ठाण्यांनी तेथे मोठे कळप पाळले. गोलियाड येथील एस्पिरितु सांतो मिशनची गुरे हजारोंच्या घरात होती. मिशनमध्ये राहणारे आदिवासी गुराखी घोड्यावरून ती राखीत. पुढे मिशन ओस पडली, लढाया झाल्या, राखणारे हात उरले नाहीत, आणि गुरे रानात शिरून मोकाट झाली.

त्या मोकाट लाँगहॉर्नचा स्वभाव कसा होता, हे आजच्या चित्रावरून कोणाला खरे वाटणार नाही. जे. फ्रँक डोबी या टेक्सासच्या लेखकाने १९४१ साली या गुरांवर एक पुस्तक लिहिले. त्यात दिवसभर काटेरी झुडपांत दडून रात्री चरावयास बाहेर पडणाऱ्या, माणसाचा वास येताच पळणाऱ्या आणि कोंडीत सापडल्यास घोडेस्वाराच्याही अंगावर येणाऱ्या गुरांच्या हकिगती आहेत. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्यानंतरच्या वीसएक वर्षांत अशी ५० लाखांहून अधिक गुरे टेक्सासातून उत्तरेकडे, रेल्वेच्या ठाण्यांपर्यंत, पायी हाकीत नेली गेली. रात्री वीज कडाडली किंवा एखादे भांडे वाजले, तरी दोन-अडीच हजारांचा कळप एकदम उधळे, आणि त्यात माणसे चिरडून मरत. म्हणून रात्रीच्या पहाऱ्यावरचे गुराखी कळपाभोवती घोडा फिरवीत हळू आवाजात गाणी म्हणत. ते गाणे हौसेचे नव्हते. अंधारात जो फिरतो आहे तो ओळखीचा माणूस आहे, एवढे गुरांना कळावे म्हणून ते असे.

आता गंमत पाहा. त्याच काळात चार्ल्स गुडनाइट या रँचमालकाच्या कळपात 'ओल्ड ब्लू' नावाचा एक बैल होता. गळ्यात घंटा बांधून तो कळपाच्या पुढे चाले. पॅलो ड्युरो खोऱ्यातून कॅन्सास राज्यातील डॉज सिटीपर्यंत तो वर्षानुवर्षे कळप नेत असे, आणि हजारो बुजरी गुरे त्याच्या घंटेमागे चालत. रात्री तळ पडला की तो माणसांत येई आणि स्वयंपाक्याच्या हातचा तुकडा खाई. त्याचे रक्त रानातल्या भावंडांचेच होते, शिंगेही तशीच होती. फरक एवढाच की त्याला माणसाचा रोजचा, भरवशाचा सहवास मिळाला होता.

पुढे १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले, मोकळी राने कुंपणात गेली, आणि इंग्लंडकडील मांसल जातींना भाव आला. लाँगहॉर्न मागे पडली, जवळजवळ नाहीशी झाली. १९२७ साली अमेरिकन सरकारने ओक्लाहोमा राज्यातील विचिटा पर्वताच्या अभयारण्यात जुन्या वळणाची निवडक गुरे आणून छोटा कळप सुरू केला. १९६४ साली ही जात पाळणाऱ्यांची संघटना निघाली. त्यानंतर रँचवाल्यांनी वंशावळ लिहून ठेवून गुरे वाढविली. फोर्ट वर्थ शहरात १९९९ पासून लाँगहॉर्न बैलांचा कळप दिवसातून दोन वेळा भर रस्त्यातून नेतात, आणि दोन्ही बाजूंना लेकुरवाळी माणसे उभी असतात. २०१९ साली अलाबामा राज्यातील एका बैलाच्या शिंगांचे टोकापासून टोकापर्यंतचे अंतर ३२३.७ सेंटिमीटर भरले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. तो बैल त्या घरचा लाडका होता.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत शिंगे आखूड झाली नाहीत, उलट वाढली. बदलला तो स्वभाव. तो कसा बदलला, याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण निवडीचे. रँचवरचा शहाणा मालक जी गाय किंवा वळू माणसाच्या अंगावर येतो, त्याची पैदास पुढे चालवीत नाही. हे वाचताना गोड वाटते, पण त्याची रीत कठोर आहे : असे जनावर तेथे सरळ कत्तलखान्याला जाते. स्वभाव काही अंशी आईबापांकडून येतो, यात शंका नाही. आपण मात्र उलट करतो. गावातला वळू अंगाने भरदार आणि दिसावयास डौलदार असला की पुरे. त्याची खोंडे बुजरी निघतात की समजूतदार, याची चौकशी कोण करतो?

आपले वाडवडील जनावर घेताना कपाळावरचा भोवरा पाहात. शकुन-अपशकुनाच्या गोष्टी सोडून द्या. परंतु टेंपल ग्रँडिन या अमेरिकन विदुषी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली सुमारे १५०० गुरांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता, ती गुरे अडकवून धरली असता अधिक खवळत, असे त्यात दिसून आले. भोवरा म्हणजे ललाटलेख नव्हे, पण अशा जनावराला जास्त सबुरीने वागवावे, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

दुसरे कारण जागेचे. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असते. माणूस त्या रिंगणाच्या आत आला की जनावर सरकते. मोकाट जनावराचे रिंगण मोठे, माणसाळलेल्याचे लहान, आणि अगदी हातावरच्या जनावराला ते नसतेच. रिंगणाच्या काठावर उभे राहिले तर जनावर शांतपणे चालू लागते. एकदम आत घुसले तर ते बिथरते. आणि पळावयास वाट नसेल तर ते उलटून अंगावर येते. रँचवर जनावराला मागे सरकावयास जागा असते. आपल्या गोठ्यात ते दाव्याला बांधलेले असते, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जोडीदार. माझ्या मते येथेच आपली चूक होते. दावणीचा बैल मारका आहे असे आपण म्हणतो, पण त्याला पळता येत नाही म्हणून तो मारतो.

त्यात डोळ्यांची गोष्ट आली. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त पाठीमागचा एक पट्टा आंधळा असतो. त्या पट्ट्यातून कोणी आले तर कुत्रा आला, वाघ आला की घरचे पोर आले, हे जनावराला कळत नाही. त्यातून डोक्यावर फडफडणारी खोळ असली, म्हणजे ओळखीचा आकारही ओळखीचा राहात नाही. तो नऊ वर्षांचा मुलगा याच आंधळ्या पट्ट्यातून गेला होता. बैलाने चमकून मान फिरविली, आणि मानेबरोबर शिंग आले. राग असता तर बैलाने दुसरी धडक दिली असती. त्याने दिली नाही. तो तिथेच उभा राहिला.

लांब शिंगांच्या जनावरांजवळ काम करणारे रँचवरचे लोकही हेच सांगतात. बऱ्याच इजा वैराने होत नाहीत. माशी बसली, खांदा खाजला, शेजारचा सरकला, की डोके हलते, आणि त्या डोक्याला दोन्हीकडे हात-दोन हात लांब भाले लागलेले असतात. गरीब जनावराचे शिंगही शिंगच असते. म्हणून स्वभावावर विश्वास ठेवावा, पण शिंगाच्या टप्प्यात उभे राहू नये.

तिसरे कारण हाताचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे. गुरे माणसे ओळखतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की ज्याने मारझोड केली त्या माणसापासून गायी दूर सरकत, आणि ज्याने प्रेमाने वागविले त्याच्याजवळ जात. आपल्या आयाबायांना हे प्रयोगावाचून ठाऊक आहे. अनोळखी किंवा तापट हात लागला की गाय पान्हा चोरते. त्याच वर्षी मांसासाठी पाळलेल्या गुरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शांत स्वभावाच्या गुरांचे वजन बुजऱ्या गुरांपेक्षा रोज अधिक वाढत असल्याचे आढळले. म्हणजे भीतीची किंमत मालकालाच मोजावी लागते. खाल्लेली वैरण अंगी लागत नाही आणि दूध आटते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. प्रेमाने वागवावे म्हणजे लाडावून ठेवावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. १९९० साली अमेरिकेतच हियरफर्ड जातीच्या गोऱ्ह्यांवर एक प्रयोग झाला. जे गोऱ्हे कळपापासून तोडून, एकएकटे ठेवून माणसाच्या हातावर वाढविले, ते मोठे झाल्यावर माणसांनाच अधिक धमकावू लागले. इतर वासरांत वाढलेले गोऱ्हे त्या मानाने माणसाशी नीट वागले. कारण सरळ आहे. एकट्या गोऱ्ह्याला आपण गुरांपैकी आहोत की माणसांपैकी, हेच कळत नाही. मग तो माणसालाच दुसरा वळू समजून टक्कर देऊ पाहतो. आपल्याकडे मुले खोंडाच्या कपाळाला तळहात लावून 'ढुशी, ढुशी' खेळतात आणि आपण कौतुकाने पाहतो. दोन वर्षांनी तोच खोंड तोच खेळ चार क्विंटल वजनाने खेळतो.

गरीब म्हटलेले जनावरही केव्हा बदलेल हे जाणून असावे. टेक्सास विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मानचिन्ह म्हणून 'बीव्हो' या नावाने एकामागून एक लाँगहॉर्न बैल ठेवण्याची प्रथा १९१६ पासूनची आहे. हजारो माणसांचा गोंगाट चालू असताना तो मैदानाच्या कडेला शांतपणे रवंथ करीत असतो. परंतु १ जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे सामन्यापूर्वी समोरच्या संघाचा बुलडॉग कुत्रा जवळ आणला, तेव्हा तोच बैल अडसर पाडून पुढे झेपावला. सुदैवाने कोणी गंभीर जखमी झाले नाही. माणसांचा समुद्र त्याला चालला, एक कुत्रा चालला नाही. तीच गोष्ट नुकत्याच व्यालेल्या गाईची. लाँगहॉर्न गाय वासराला गवतात दडवून चरावयास जाते. त्या वासराजवळ कुत्रा किंवा अनोळखी माणूस गेला तर कालपर्यंत हातून खाणारी गाय वाऱ्यासारखी येते. हा तिचा दुष्टपणा नव्हे, आईपण आहे. आपण तिच्या वाटेत न येणे हाच शहाणपणा.

आता काही बंधू म्हणतील, "फादर, ती गोऱ्या लोकांची गुरे वेगळी, आमच्या खिलाराचे रक्त वेगळे." यात थोडे तथ्य आहे. वशिंडाची गुरे बिनवशिंडाच्या गुरांपेक्षा जास्त संवेदनशील व लवकर बुजणारी असतात, असे बऱ्याच पाहण्यांत दिसते. आपली खिलार चपळ, तापट आणि परक्याला जवळ न करणारी, अशी तिची ख्यातीच आहे. खरसुंडीच्या यात्रेत एकदा फेरी मारली की ते कळते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की लाँगहॉर्नच्या रक्तातही सुमारे १५ टक्के अंश वशिंडाच्या गुरांचा आहे. आणि अमेरिकेतील 'ब्राह्मण' ही प्रसिद्ध जात जी आपल्या देशातून नेलेल्या गुरांपासून तयार झाली, तीत कांकरेज, ओंगोल आणि गीर यांच्याबरोबर थोडे रक्त आपल्या कृष्णाकाठच्या जातीचेही आहे. ही ब्राह्मण गुरे तेथे बुजरी म्हणून ओळखली जातात, आणि तरीही लहानपणापासून शांत हाताळणी मिळालेली ब्राह्मण गुरे कुत्र्यासारखी मागे येतात, असा तेथील पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. लवकर बुजणाऱ्या रक्ताला वाईट हात लागला तर ते जास्त बिघडते, आणि चांगला हात लागला तर जास्त जवळ येते. तेव्हा रक्ताचे निमित्त सांगून सुटका नाही. उलट आपली जबाबदारी रँचवाल्यापेक्षा मोठी आहे. त्याला वर्षातून काही वेळाच जनावर हाताळावे लागते. आपण रोज पहाटे त्याच्या खांद्यावर जू ठेवतो, आणि आपली मुले त्याच गोठ्यात शेण काढतात.

दुसरा आक्षेप असा, की बैलात पाणी पाहिजे. गरीब बैल काय कामाचा? मलाही पाणीदार बैल आवडतो. परंतु पाणी आणि भीती यांत फरक करावयास शिकले पाहिजे. पाणीदार बैल हाकेला उचलतो, चढाला मागे हटत नाही, आणि जू उतरल्यावर शांतपणे वैरणीला लागतो. भ्यालेला बैल डोळे पांढरे करतो, अंग चोरतो, सावलीला बुजतो आणि जू उतरल्यावरही थरथरतो. पराणी टोचून, शेपूट पिरगाळून, दात लावून जे अंगात येते ते पाणी नव्हे. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी ग्राह्य धरले. गोव्यात धिर्योला उच्च न्यायालयाने १९९६ सालीच मनाई केली. त्या वादात मी आज पडत नाही. एवढेच म्हणतो की शर्यतीसाठी किंवा झुंजीसाठी ज्या बैलाला माणसाची दहशत शिकविली, तो संध्याकाळी ती दहशत घेऊनच घरच्या गोठ्यात येतो. तेथे त्याला पाणी दाखवावयास कोण जाते? घरची बाई, नाहीतर पोर.

तेव्हा करावे काय? माझ्या सूचना साध्या आहेत, आणि एकीलाही पैसा लागत नाही.

गोठ्यात शिरताना आधी हाक द्या. जनावराचे नाव घ्या, त्याने कान वळविला की मग पुढे व्हा. पाठीमागून न जाता खांद्याच्या बाजूने जा. मुलांना हे अक्षरओळखीच्या आधी शिकवा. डोक्यावर खोळ, हातात छत्री किंवा फडफडणारे प्लॅस्टिक असेल तर ते बाहेर काढून ठेवा.

वासरू जन्मल्यापासून रोज दोन घटका त्याच्या मानेवर, पाठीवर, पायांवर हात फिरवा. कपाळाला हात लावून ढुशी खेळू नका, खेळू देऊ नका. गोऱ्हा एकटा न बांधता इतर वासरांत वाढवा.

शिंगे साळताना टोके अणकुचीदार करण्याची हौस सोडा. टोक बोथट राहू द्या. बेंदराला बसवितो त्या पितळी शेंब्या वर्षभर राहिल्या तरी शोभाच दिसेल.

बाजारात बैल घेताना दात आणि खूर पाहता, तसा स्वभावही पाहा. विकणाऱ्याला बाजूला करून स्वतः हळू जवळ जा. बैल काय करतो ते पाच मिनिटे पाहा. ओढाळपणा कमी करण्यासाठी वेसण ओढणारा मालक दिसला, तर दोष बैलाचा की मालकाचा, हेही पाहा.

आणि शेवटची गोष्ट आरोग्याची. वर्षानुवर्षे गरीब असलेले जनावर एकाएकी मारके झाले, तर काठी घेण्यापूर्वी डॉक्टरांना बोलवा. खांदा आला असेल, डोळ्यात दोष असेल. बैल एकसारखे डोके झटकत असेल, एक शिंग झुकले असेल, नाकातून रक्त येत असेल, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. तो आपल्याकडच्या बैलांत आढळतो, आणि लवकर शस्त्रक्रिया झाल्यास उपयोग होतो. जनावर लाळ गाळीत असेल, आवाज बदलला असेल, दिसेल त्याच्यावर धावत असेल, तर पिसाळलेला कुत्रा चावला असण्याचा संभव आहे. अशा जनावराच्या तोंडात औषध पाजण्यासाठी कोणीही हात घालू नये, त्याचे दूध कोणी पिऊ नये. लाळेचा संपर्क आलेल्या प्रत्येकाने जखम साबणाने, वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. यात उशीर म्हणजे प्राणाशी गाठ.

हे सारे मी त्या आजोबांना घरी जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे फादर, त्याला आम्ही उगाच विकला म्हणायचा." मला त्यावर बोलता आले नाही. तो बैल कोणाच्या दावणीला गेला, की कोठे गेला, हे आता कोणाला ठाऊक नाही. सहा वर्षे त्याने त्या घरचे रान नांगरले होते.

त्या घराने यंदा नवा खोंड आणला आहे. मुलगा बरा आहे. परवा मी गेलो तेव्हा तो गोठ्याच्या दारात उभा राहून खोंडाला नावाने हाक मारीत होता, आणि खोंडाने मान वळविल्याशिवाय आत पाऊल टाकीत नव्हता. आपल्या प्रत्येक गोठ्याच्या दारात एवढे झाले, तरी पुष्कळ झाले.